खिडकी उघडी आहे, पण हवा जातेय कुठं?

मी वायरमन. मंगळवार पेठेत छोटं दुकान आहे आणि तीस वर्षं कोल्हापुरात लोकांच्या घरी पंखे टांगतोय. त्यामुळं हवेतलं मला कळतं अशी माझी समजूत होती. ती एका उदबत्तीनं उतरवली.

2021 चा उन्हाळा. शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत मी बारा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला. खिडकीच्या बरोबर वर व्हेंटिलेटर होता, त्याची काच काढून तिथंच. (त्या दिवसांत व्हेंटिलेटर म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा. आमच्या धंद्यात व्हेंटिलेटर म्हणजे भिंतीतली वरची छोटी खिडकी, एवढंच.) पंखा दणक्यात फिरला, कागद धरला तर जाळीला चिकटला, पैसे मिळाले, मी मोकळा.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांचा फोन. "मिस्त्री, तुमचा पंखा नुसता आवाज करतोय. खोली आहे तशीच कोंदट." गेलो. कंपाउंडरनं गणपतीपुढं लावलेली उदबत्ती कोपऱ्यात जळत होती. तिचा धूर सरळ वर जाऊन आढ्याखाली लोंबकळत होता, पंख्याकडं एक रेघ वळत नव्हती. पंखा चालू, खिडकी उघडी, आणि धूर जागचा हलायला तयार नाही.

पाच मिनिटं बघत उभा राहिलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. पंख्याच्या खालीच उघडी खिडकी. पंखा त्या खिडकीतनं हवा ओढत होता आणि दोन फुटांवरनं बाहेर टाकत होता. एखादा पाहुणा स्टँडवर उतरावा आणि गावात पाऊलही न टाकता तिथूनच परतीची एसटी धरावी, तसली गत. बाहेरची हवा आली आणि गेली, पेशंट बसलेत तिथली हवा होती तिथंच.

चूक माझी होती. ती खिडकी लावून घेतली, समोरच्या भिंतीतली, औषधाच्या खोक्यांमागं गेलेली खिडकी उघडली. मिनिटभरात उदबत्तीचा धूर वाकला आणि बाकांवरनं आडवा पंख्याकडं चालू लागला. खर्च शून्य. मी यायचे पैसेही मागितले नाहीत, मागायला तोंड नव्हतं.

तेव्हापासनं कुणी "एक्झॉस्ट बसवायचाय" म्हटलं की मी आधी खिशातनं उदबत्ती काढतो, टेप नंतर.

रोग हवेतनं येतो म्हणजे काय

माझी लेक नर्सिंगला आहे. हे सगळं मला तिनं समजावलं, जेवताना, म्हणजे मी ताट सोडून उठू शकत नाही अशा वेळी.

माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो, गातो, तेव्हा तोंडातनं थेंब उडतात. मोठे थेंब मीटर-दोन मीटरात खाली पडतात. पण त्यांच्याबरोबर इतके बारीक कण निघतात की ते पडतच नाहीत, बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. टीबीचे जंतू ज्या कणांवर बसून फिरतात ते 1 ते 5 मायक्रॉनचे असतात. 1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गोवर आणि कांजिण्याही हवेतनं जातात, कोरोना जातो, फ्लूही काही प्रमाणात असाच जातो.

डोळ्यांनी बघायचं असेल तर बिडी ओढणारा माणूस आठवा. मोकळ्या अंगणात तो चार हातांवर बसला तर तुम्हाला वास येईल न येईल. तोच बंद खोलीत बसला तर दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसाच्या शर्टालाही वास लागतो, आणि तो उठून गेल्यावरही अर्धा तास खोली सांगते की इथं कोणीतरी ओढून गेलंय. आजारी माणसाचा श्वास तसाच पसरतो. फक्त त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून आपण निवांत बसतो.

यावर अमेरिकेत बाल्टिमोरला 1950 च्या दशकात एक प्रयोग झाला होता. टीबीच्या वॉर्डातली हवा डक्टमधनं वर नेऊन गिनिपिगांच्या खोलीत सोडली. त्या गिनिपिगांनी पेशंटचं तोंडही पाहिलं नव्हतं, तरी त्यांना टीबी झाला. वाटेत हवेवर अल्ट्राव्हायोलेट उजेड सोडला तेव्हा ती हवा घेणारे गिनिपिग वाचले. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की माझं काम नुसतं वास घालवायचं नाही.

पण एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर लोक पंखा बसवून बाकी सगळं सोडतील. तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस तोंडावर खोकला तर कुठलाही पंखा वाचवणार नाही. तिथं मास्क, तोंडावर रुमाल, अंतर हेच. टीबीच्या गोळ्या, लस, हात धुणं हे आपापल्या जागी. खेळती हवा खोलीत साठणारा माल कमी करते, एवढंच तिचं काम आहे. पण ते मोठं काम आहे.

उदबत्ती कशी लावायची

घरातले सगळे पंखे बंद करा. खिडक्या-दारं रोज जशी असतात तशीच ठेवा. पाहुणे येणार म्हणून घर आवरल्यासारखं सगळं उघडून परीक्षा घेऊ नका. उदबत्ती पेटवून माणसं जिथं बसतात-झोपतात तिथं, तोंडाच्या उंचीला धरा. पलंगाशी, सोफ्याशी, अभ्यासाच्या टेबलाशी. अर्धा-एक मिनिट हात स्थिर ठेवा आणि धुराकडं बघा.

धूर एका बाजूला वाकून चालत गेला तर तिथं हवा वाहतेय. तो कुठं जातो बघत त्याच्या मागं जा, बाहेर जायची वाट सापडते. धूर वर जाऊन घुटमळला तर ती जागा मेलेली. मग एकेक बदल करा: समोरची खिडकी उघडा, मधलं दार उघडा, पडदा बाजूला करा, आणि प्रत्येक वेळी पुन्हा बघा. दम्याचा माणूस घरात असेल तर धूर नको; टिश्यू पेपरची पातळ पट्टी दोऱ्याला बांधून धरली तरी कळतं. आणि गॅसचा वास येत असेल त्या घरात काडी ओढायची नाही, हे मी सांगायला नको.

बहुतेक घरांत एकच गोष्ट दिसते. हवेला आत यायला वाट आहे, बाहेर जायला नाही. किंवा दोन्ही वाटा एकाच भिंतीत, शेजारी शेजारी. खोलीत एकच खिडकी असेल तर दार उघडं ठेवल्याशिवाय तिचा उपयोग निम्माही होत नाही. दोन वाटा पाहिजेत, आणि त्या एकमेकींपासनं जितक्या लांब तितक्या चांगल्या. समोरासमोर असतील तर उत्तम. तसं जमत नसेल तर एक खाली, एक वर. गरम हवा वर जाते, माणसाचा श्वासही गरम असतो, त्यामुळं वरची झडप उघडी असली तर पंख्याशिवायही थोडंफार काम होतं.

आपले जुने लोक हे न शिकता करत होते. पेठेतलं घर म्हणजे बोळाकडं दार, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं. सगळी दारं एका रेषेत. पुढचं आणि मागचं दार उघडलं की घराची पुंगळी व्हायची. वर उंच छप्पर, कौलांच्या फटी. पेरू देशात लिमा शहरात दवाखाने तपासले होते, 2007 साली ते छापून आलं. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत तासाला हवा 40 वेळा बदलत होती, नव्या बांधणीच्या खोल्यांत 17 वेळा. मशीननं हवा खेळवणाऱ्या खोल्यांचं प्रमाण असतं 12. दारं-खिडक्या उघडलेल्या साध्या खोल्या, जुन्या-नव्या मिळून, त्यांच्या दुपटीच्या वर गेल्या. हे ऐकून मला माझ्या आजोबांच्या घराबद्दल उगीचच अभिमान वाटला.

रंगपंचमीची बादली

तासाला किती वेळा हवा बदलते, हा आकडा समजून घ्या, कारण पंखा त्यावरनं घ्यायचाय.

रंगपंचमीला रंगानं भरलेली बादली नळाखाली ठेवा. नळ सोडा, बादली वाहू द्या. एक बादलीभर स्वच्छ पाणी आत पडलं म्हणजे रंग संपला का? नाही. नवीन पाणी जुन्यात मिसळतं आणि दोन्ही मिळून वाहतात. एक बादली ओतल्यावरही तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त रंग शिल्लक असतो. हवेचं तसंच. आजारी माणूस खोलीतनं गेल्यावर 99 टक्के कण जायला, तासाला 2 वेळा हवा बदलत असेल तर 138 मिनिटं लागतात, 6 वेळा बदलत असेल तर 46 मिनिटं, आणि 12 वेळा असेल तर 23. बघा, दोनावरनं सहावर आलो तर दीड तास वाचला, सहावरनं बारावर गेलो तर तेवीसच मिनिटं. म्हणून गरीब खोलीला थोडं दिलं तरी फार मिळतं. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोग नियंत्रण संस्थेनं, 2023 साली तासाला निदान 5 वेळा असं सांगितलंय. मी 6 धरतो, गणिताला सोपं पडतं.

आता तुमची खोली मोजा. समजा 10 बाय 12 फूट, उंची 10 फूट. गुणाकार 1,200 घनफूट. त्याला 35 नं भागा, साधारण 34 घनमीटर. सहा वेळा बदलायचं म्हणजे 34 गुणिले 6, तासाला 204 घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर हवेचा आकडा छापलेला असतो, सीएमएच लिहिलेलं असतं तेच हे घनमीटर. सीएफएम लिहिलं असेल तर 1.7 नं गुणा. खोक्यावरचा आकडा हा मोकळ्यात मोजलेला असतो. जाळी, शटर, धूळ यात बराच खातो. म्हणून दीडपट धरा, म्हणजे 300 च्या आसपासचा घ्या.

गिऱ्हाईक नेहमी इंच विचारतं, "सहा इंची देऊ का आठ इंची?" इंचानं काही ठरत नाही. सहा इंचीतही मरतुकडे आणि दणकट दोन्ही येतात. आकडा बघा. विजेची भीती असेल तर तेही मोजा: 40 वॉटचा पंखा 10 तास चालला तर 0.4 युनिट. टीव्हीला कुणी एवढं विचारत नाही.

बसवताना तीन गोष्टी. पंखा वर, आढ्यापासनं फूटभर खाली. आत येणारी वाट पलीकडच्या टोकाला, आणि पंख्याजवळची खिडकी बंद (माझा दवाखाना आठवा). शिवाय दाराखाली फट नसेल, सगळं घट्ट बंद असेल तर पंखा फिरतो पण हवा निघत नाही, कारण आत यायलाच काही नाही. बाटली तोंडाला लावून हवा ओढून बघा.

सीलिंग फॅनबद्दल लोकांचा फार गैरसमज. तो चमच्यासारखा आहे: साखर ढवळतो, कमी करत नाही. खिडक्या उघड्या असतील तर त्याची मदत होते. सगळं बंद करून फुल्ल सोडला तर एका कोपऱ्यातला खोकला चारी कोपऱ्यांत पोचवतो.

घरात कोणी आजारी असेल तर

इथं जरा सावकाश वाचा. खोली निवडताना लोक आतली, शांत, अंधारी खोली देतात, "आराम पडावा" म्हणून. उलट करा. बाहेरच्या भिंतीची, खिडकीची, जमलं तर ऊन येणारी खोली द्या. उन्हानं टीबीचे जंतूही मरतात.

वारं घराकडनं आजाऱ्याच्या खोलीत आणि तिथनं बाहेर असं वाहिलं पाहिजे. एक्झॉस्ट असेल तर त्या खोलीत सतत चालू. नसेल तर टेबल फॅन खिडकीत ठेवा, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि उरलेली खिडकी पुठ्ठ्यानं बंद करा. पुठ्ठा नाही लावला तर पंख्याच्या कडेनंच हवा परत आत येते. खोलीचं दार लोटून घ्या, खाली बोटभर फट राहू द्या. घराच्या बाकी खिडक्या उघड्या. मग दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर खोलीत ओढला गेला पाहिजे. बाहेर आला तर उलटं झालंय; बहुतेक वेळा समोरच्या खिडकीतनं जोराचं वारं पंख्याला रेटत असतं. पंखा दुसऱ्या खिडकीत न्या.

बसायची जागाही ठरवा. आजारी माणूस पंख्याच्या बाजूला, सोबतीला बसणारा दाराकडं. म्हणजे ताजी हवा आधी सोबत्याला लागते, मग आजाऱ्याला, मग बाहेर. उलट बसलात तर त्याचा सगळा श्वास तुमच्यावरनं जाणार. माझ्या आईच्या आजारपणात आम्ही तिच्या उशाशी, खिडकीला पाठ लावून बसायचो, कारण तिथं वारं लागायचं. आत येणारं वारं असतं तर ठीक होतं. ते बाहेर जाणारं होतं.

पंख्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नको. बोळ अरुंद असेल तर पाईप लावून वर न्या. नाहीतर रोग जाईल आणि भांडण येईल.

एसी, पाऊस आणि डास

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. बाहेरच्या यंत्रातनं उष्णता जाते, हवा नाही. आतलीच हवा गार करून पुन्हा तुमच्या तोंडावर मारतो. हे निम्म्या गिऱ्हाइकांना पटत नाही. चीनमध्ये ग्वांगझूला 24 जानेवारी 2020 ला एका खिडक्या नसलेल्या हॉटेलात तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवायला बसली होती. एकीला कोरोना होता. एसीच्या झोतानं त्या तीन टेबलांवरची हवा गोल गोल फिरत राहिली आणि तिच्यासकट 10 माणसं आजारी पडली. नंतर मोजलं तेव्हा तिथं माणशी सेकंदाला फक्त 1 लिटरच्या आसपास ताजी हवा मिळत होती. जागतिक आरोग्य संघटना 10 लिटर सांगते.

एसी लावायचाच असेल तर खिडकी दोन बोटं उघडी ठेवा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवून बाथरूमचं दार उघडं ठेवा. गारवा थोडा जाईल. जाऊ दे. ते जमत नसेल तर हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणाऱ्या जाळीचा) एअर प्युरिफायर. तो ताजी हवा देत नाही, पण कण गाळतो. त्याच्या खोक्यावर सीएडीआर, म्हणजे तो किती हवा स्वच्छ करतो ते, लिहिलेलं असतं, तो आकडा वरच्याच गणितात घाला.

आपल्याकडचा खरा शत्रू पाऊस. जून लागला की पाऊस गगनबावड्याच्या बाजूनं तिरपा येतो, पश्चिमेच्या खिडक्या लागतात त्या गणपतीपर्यंत उघडत नाहीत. आणि नेमकी सर्दी-खोकल्याची साथ तेव्हाच. पश्चिमेची बंद ठेवा, पण पूर्वेची उघडा. झड सहसा तिकडनं येत नाही. पश्चिमेला छज्जा दीड-दोन फूट वाढवला तर वरची झडप भर पावसात उघडी राहते. काचेच्या आडव्या पट्ट्यांची जुनी खिडकी, जी काढून लोक स्लायडिंग बसवतात, ती पावसाळ्यासाठी सगळ्यात शहाणी होती. स्लायडिंग तर उघडली तरी निम्मीच उघडते.

2021 च्या जुलैत पंचगंगेला पूर आला, राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागं पडली होती, आणि कोरोना चालूच. पूरग्रस्तांना ठेवलेल्या एका शाळेत मी आणि माझा पोरगा दिवे लावायला गेलो. वर्गात तीस-तीस माणसं, ओले कपडे, खिडक्या बंद. प्रत्येक वर्गात वर चार व्हेंटिलेटर होते, पण कैक वर्षांच्या ऑइलपेंटनं चिकटून बसलेले. आम्ही दिवे बाजूला ठेवून पटाशी आणि हातोडी घेतली. दुपारपर्यंत सगळे सोडवले. शाळा, समाजमंदिर, मंगल कार्यालय कुणाच्या हातात असेल त्यानं मे महिन्यात एकदा एवढं करावं.

डासांसाठी जाळी लावाच, डेंग्यू परवडत नाही. पण जाळी हवा अडवते, धुळीनं भरलेली जाळी तर भिंतच. महिन्याला ब्रशनं धुवा. पंख्याची पातीही.

क्लास आणि तालीम

राजारामपुरीत एका बाईंचा दहावीचा क्लास आहे. वीस पोरं आणि त्या, 15 बाय 12 ची खोली. इथं खोली मोजून भागत नाही, माणसं मोजायची. माणशी 10 लिटर सेकंदाला म्हणजे तासाला 36 घनमीटर. 21 माणसं, 756 घनमीटर. एक पंखा पुरला नाही, दोन लावले, आणि समोरच्या दोन खिडक्यांच्या काचा कायमच्या काढून जाळी मारली.

बाईंनी कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेतला. काही हजारांत येतो. एनडीआयआर (इन्फ्रारेड उजेडानं मोजणाऱ्या) सेन्सरचा घ्यायचा, स्वस्तातले नुसते अंदाज सांगतात. मोकळ्या हवेत 420 पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग) आसपास दाखवतो. आपण सोडलेल्या श्वासात तो 40,000 च्या घरात असतो, त्यामुळं आकडा चढला म्हणजे एकमेकांचे श्वास चाललेत. 800 च्या आत चांगलं. पहिल्या दिवशी, पंखे बंद असताना, तासाभरात 2,600 झाला. मागच्या बाकावरची पोरं पेंगतात ती आळशी म्हणून नव्हे, असं बाई म्हणाल्या. मला वाटतं थोडी आळशीही असतील. तैपेईतल्या एका विद्यापीठात टीबी पसरला होता, तिथं हा आकडा 3,000 च्या वर होता. तो 600 वर आणला, आणि संपर्कातल्या मुलांत टीबीचं प्रमाण 97 टक्क्यांनी घसरलं.

तालमीचं प्रकरण अवघड. तालमीत खिडक्या मुद्दामच लहान, दार बुटकं, आत माती ओलसर ठेवलेली. दहा पैलवान तासभर झटतात, धापा टाकतात. बसून श्वास घेणाऱ्यापेक्षा त्यांच्या तोंडातनं कितीतरी जास्त हवा जाते-येते. पंखा म्हटल्यावर वस्ताद उखडले. "अरं, घामेजल्या अंगाला वारं लागलं की सांधं धरत्यात. पैलवान खराब करतोस व्हय?"

म्हटलं, "वस्ताद, वारं अंगाला लागलं तर पंखा काढून नेतो, पैसे नकोत."

वाद घालून काही मिळणार नव्हतं, त्यांची भीती धरूनच काम केलं. पंखा आखाड्याच्या वर, आढ्याजवळ. आत येणारी वाट पलीकडच्या भिंतीत, तीही आठ फूट उंचीवर. हवा सगळी डोक्यावरनं जाते, मातीजवळ झुळूक नाही. गरम श्वास वर चढतो तो ती घेऊन जाते. जोर-बैठका संपल्यावर पोरं गेली की पंखा अर्धा तास जोरात. वस्तादांनी स्वतः उदबत्ती घेऊन मातीत उकिडवं बसून खात्री केली. खाली धूर सरळ, वर गेला की वाकडा. "हां," म्हणाले. त्यांच्याकडनं एवढंच प्रमाणपत्र मिळतं.

बाथरूम, पटकन

फ्लॅटच्या बाथरूममधली नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी धरून ठेवणारं वळण, कोरडी पडू देऊ नका. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये 2003 साली सार्स (कोरोनाच्याच घराण्यातला आजार) पसरला, त्यात कोरड्या ट्रॅपमधनं एक्झॉस्ट फॅननं गटारातली हवा वर ओढल्याचं निघालं. तीनशेवर माणसं आजारी पडली. न वापरातल्या बाथरूममध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो आधी बाहेर काढा, पंख्याचं मग बोलू. बंद खोलीत एक्झॉस्ट त्याचा जळका वायू उलटा आत ओढू शकतो.

वाटणीची भिंत

शेवटी माझंच घर. सगळ्या गावाची हवा बघितली आणि स्वतःची राहिली होती.

आजोबांचं घर वाटणीत मधोमध कापलं. पुढचा सोपा आणि माडी दादाकडं, मागचं स्वयंपाकघर आणि परडं माझ्याकडं. माजघरात छपरापर्यंत भिंत. पुंगळी बुजली. माझ्याकडं फक्त परड्याचं दार आणि त्याच भिंतीत एक खिडकी. आतल्या निम्म्या माजघरात उदबत्ती खांबासारखी उभी. 2021 मध्ये आम्ही चौघं सहा दिवसांत एकामागनं एक पडलो ते त्याच खोलीत.

पहिला विचार आला भिंतीत वर दोन फूट जाळी घालावी. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा खोकला आमच्याकडं यायचा म्हणजे." बरोबरच होतं. त्या सहा दिवसांत पलीकडं कुणालाच काही झालं नव्हतं, ते त्या भिंतीमुळंही असेल. दोन घरांची हवा एक करायची नसते, हे मी लोकांना सांगतो आणि स्वतः विसरलो होतो.

एकाच बाजूला दार-खिडकी असलेल्या घराला वाट वरनंच काढावी लागते. वाटणीच्या भिंतीला लागून, घराच्या सगळ्यात आतल्या टोकाला, सहा इंची पीव्हीसी पाईप कौलातनं वर काढला. आत इनलाइन फॅन (पाईपमध्येच बसणारा), वर पावसाची टोपी, कौलाच्या छेदाभोवती पत्र्याची झालर, नाहीतर गळतं. आता हवा परड्याच्या दारातनं शिरते, सगळं घर ओलांडते आणि भिंतीपाशी वर जाते.

पाईपचं तोंड मी आधी पूर्वेला केलं होतं, तिकडं उतार बरा होता म्हणून. वहिनींनी माडीच्या खिडकीत उभं राहून मला फॅन चालू करायला लावला, स्वतः देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून बाहेर हात काढून धरली आणि वरनंच ओरडल्या, "भाऊजी, धूर आत येतोय!" पाईप आणखी चार फूट वाढवला, तोंड माडीच्या छपराच्या वर नेलं. मग त्यांचा धूर बाहेर वळला.